आईच्या बाथरूमची ओल, आणि प्लंबर म्हणतोय सगळं फोडावं लागेल

प्रेषक: विश्रामबागची लेक, डॅलस

नमस्कार मंडळी,

एरवी मी फक्त वाचते, लिहीत नाही, पण आज राहवलं नाही. आई सांगलीत विश्रामबागला एकटीच असते, वय 76, घर 1988 साली बांधलेलं, तळमजला आणि वर गच्ची. बाथरूमच्या पाठीमागे देवघर आहे, त्या भिंतीला जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत ओल आलीय, रंगाचे पोपडे निघतायत, आईने देव उचलून हॉलमध्ये आणून ठेवलेत आणि रोज फोनवर पहिलं वाक्य तेच असतं. एक प्लंबर येऊन गेला, टॉर्च मारून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला आतली लाइन सगळी सडलीय, टाइल्स फोडून नवी टाकायची, 65 हजार, त्यातले 20 हजार आधी द्या. आई द्यायला तयार पण झाली होती, मीच थांबवलंय.

मला इथे बसून काहीच कळत नाही की खरं किती आणि घाबरवणं किती. कुणाच्या घरी असं झालंय का? आणि दुसरं म्हणजे एप्रिलमध्ये मी जाणारे, तर इथून दोन चांगल्या तोट्या आणि एक शॉवर घेऊन जावं का, तिकडच्या दोन-तीन वर्षांत गळायला लागतात.

---

प्रेषक: खणभागचा, न्यू जर्सी

ताई, भिंतीचं मला कळत नाही पण आईंना सांगा की एक पैसा पण ॲडव्हान्स देऊ नका अजून.

माझा अनुभव इथला आहे. फ्लश टँक रात्रभर सूं सूं वाजायचा, प्लंबर बोलावला, 180 डॉलर घेतले आणि आतलं एक रबर बदललं, फ्लॅपर म्हणतात त्याला, दुकानात आठ डॉलरला मिळतं. दुसऱ्या वेळी दुसऱ्या टॉयलेटचं तेच झालं तेव्हा मीच बदललं, टँकखालचा कॉक बंद करायचा, फ्लश करून टँक रिकामा करायचा, दोन्ही बाजूचे कान सोडवायचे, साखळी काढायची, नवीन लावायचा, वीस मिनिटं. फ्लॅपर गळतोय की नाही हे बघायला टँकमध्ये रंग टाकून अर्धा तास फ्लश करायचं नाही, खाली भांड्यात रंग उतरला की समजायचं. मी आधी घरातली हळद टाकली होती, ती पाण्यात विरघळतच नाही, तळाशी बसते, म्हणून खायचा रंगच वापरा.

---

प्रेषक: काका, गावभाग सांगली (सध्या मुलाकडे, शिकागो)

पोरी, तुझी मेल मुलाने वाचून दाखवली. मी 34 वर्षं साखर कारखान्यात मेंटेनन्सला होतो, पाइप, वॉल्व्ह, पंप यातच हयात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुलगा टाइप करतोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की कर. पाणी भिंतीत बहुतेक तीन वाटांनी येतं. एक म्हणजे येणारी लाइन फुटली, त्यात चोवीस तास पाणी असतं त्यामुळे ओल थांबतच नाही. दुसरी म्हणजे जाणारी लाइन, म्हणजे नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतलं पाणी जायचं जाळीचं भोक), ड्रेनेजचा पाइप नाहीतर टाइलच्या फटी, तिथे अंघोळ झाली की पाणी मुरतं आणि मधे सुकायला वेळ मिळतो. तिसरी पावसाची, पण आत्ता मार्च चालू आहे त्यामुळे ती सोड. या तीनपैकी कुठली हे ठरल्याशिवाय जो माणूस फोडा म्हणतो त्याला तपासायचं नाहीये, त्याला काम पाहिजे. सगळे तसे नसतात हे पण लिहितो, चांगला प्लंबर आधी प्रश्न विचारतो, किती दिवस झाले, कधी वाढते, वर टाकी किती लिटरची.

आता आईला काय करायला सांगायचं ते ऐक. आज भिंतीवर ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून घ्यायची आणि शेजारी तारीख लिहायची. भिंत मनाला वाटेल तशी दिसते, रेघ खोटं बोलत नाही. मग रात्री टाकी भरून घ्यायची, भरायचा कॉक बंद, आणि घरातल्या सगळ्या तोट्या बंद आहेत ना हे बघायचं, फ्लशच्या टँकचा कॉक पण बंद, पिण्याचं आधी भरून ठेवायचं. टाकीत वेळूची काठी उभी धरून पाणी कुठवर आलं तिथे खूण करायची आणि सकाळी परत तीच काठी घालायची. आईने गच्चीवर चढायचं नाही, शेजारच्या कुणा पोराला पाठवायचं. पाणी तेवढंच असलं तर तुझी येणारी लाइन शाबूत आहे, 65 हजारांचा विषय तिथेच संपला. पाणी उतरलं असेल तर गच्चीवर जिथून बाथरूमची, किचनची, संडासची लाइन वेगळी होते तिथे एकेक कॉक एकेका रात्री बंद करून बघायचं, कुठली गळतीय ते कळतं.

टाकी शाबूत निघाली तर दुसरं. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपची जाळी काढून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या कापडाचा बोळा घट्ट बसवायचा आणि इंचभर पाणी भरून ठेवायचं, भिंतीवर खूण करायची, दोन तास त्यात कुणी पाय ठेवायचा नाही. पाणी उतरलं तर फरशीच्या फटी नाहीतर ट्रॅपच्या कडेची जागा उघडी पडलीय. उतरलं नाही तर मग पुढचा ड्रेनेज पाइप.

घाई करायची नाही. भिंत वाळायला कित्येक आठवडे लागतात, आज दुरुस्त केलं आणि उद्या ओल तशीच म्हणून घाबरू नका.

जुन्या घराबद्दल एक सांगतो. 88 सालचं घर म्हणजे बहुतेक जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, त्यावरचा जस्ताचा थर गेला की आतून गंजतो आणि भोक बारीक होत जातं, पाण्याची धार कमी होते. बोअरचं पाणी वापरत असाल तर क्षाराचा थर वेगळा. त्यामुळे लाइन कधी ना कधी बदलावी लागेल, पण ती भिंत न फोडता बाहेरून सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाइपने घेता येते, गरम पाण्याला पण चालतो. दिसायला थोडं वाईट दिसतं पण पुढे काही झालं तर समोर दिसतं. गावभागात आमच्या घरी 2019 च्या ऑगस्टला पुराचं पाणी आलं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, ते 57 फुटांच्या वर गेलं होतं, हौदात ढोपरभर गाळ आणि जमिनीतल्या लाइनीत पण गाळ. तेव्हा मी सगळी लाइन वरून बाहेर काढून घेतली.

गिझरबद्दल एकच लिहितो. गिझर तापला की बाजूच्या सेफ्टी वॉल्व्हमधून थेंब-थेंब पाणी येतं ते येऊ द्यायचं. गळतंय म्हणून तिथे कधीही डमी, म्हणजे बूच, लावायचा नाही. कुणी लावून देतो म्हणाला तर त्याला घरात घ्यायचं नाही. आतलं प्रेशर बाहेर पडायची ती वाट आहे.

---

प्रेषक: मिरजकर, ह्यूस्टन

ताई, तोट्या नेऊ नका, कळकळीने सांगतो, मी नेऊन पस्तावलोय. दिसायला दोन्हीकडे अर्ध्या इंचाचेच आटे, इंचाला 14 आटे दोन्हीकडे, पण अमेरिकेतल्या आट्याचा कोन 60 अंश असतो आणि आपल्याकडे 55, शिवाय जाडी पण किंचित वेगळी. दोन-तीन फेरे जातात, मग अडकतं, आपण पान्याने जोर लावतो आणि जोराने भिंतीतला जुना एल्बोच, म्हणजे पाइपचा कोपऱ्याचा सांधा, तडकतो. माझ्या घरी तेच झालं, शंभर डॉलरच्या तोटीपायी टाइल फोडायची वेळ आली.

शॉवरचं तर अजूनच. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर पडतं, तुमच्या शॉवरपासून गच्चीवरची टाकी फार तर अडीच मीटर वर असेल म्हणजे पाव किलो, इथे घरात तीन ते पाच किलो असतं. त्यात इथल्या शॉवरमध्ये मिनिटाला अडीच गॅलनच्या वर पाणी जाऊ नये म्हणून आत बारीक भोकाची चकती असते, 1992 च्या कायद्यापासून. तो शॉवर सांगलीत लावला तर आईंना धार नाही, थेंब मिळतील. तिथेच चांगली पितळी तोटी घ्या, हातात घेऊन वजन बघा, हलकी असली तर परत ठेवा. आणि शॉवर कमी आला की बहुतेक वेळा क्षार बसलेला असतो, जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये घालून ठेवली की सुटतो.

---

प्रेषक: वाईच्या वहिनी, ऑस्टिन

मिरजकर भाऊजी, बरं झालं लिहिलंत, माझ्या पण बॅगेत जाणार होता एक शॉवर.

मला इथल्यांसाठी एक सांगायचंय. फेब्रुवारी 2021 ला टेक्सासमध्ये थंडी पडली तेव्हा आमचा ॲटिकमधला, म्हणजे छताखालच्या माळ्यावरचा, पाइप गोठला, आणि गोठलेला असताना काही कळलंच नाही, बर्फ वितळायला लागल्यावर छतातून धो धो पाणी. प्लंबर कुणाचाच लागत नव्हता, पाच-सहा दिवस. घराचा मेन कॉक कुठे आहे हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं, सतरा वर्षं त्या घरात राहून. पुढच्या लॉनमध्ये मीटरच्या झाकणाखाली होता, तो फिरवायला लांब दांड्याची चावी लागते आणि ती आमच्याकडे नव्हती, शेजारच्या आजोबांनी आणून दिली तोवर दोन खोल्यांचं कार्पेट गेलं. ती चावी पंधरा-वीस डॉलरला मिळते. कृपा करून या वीकेंडला प्रत्येकाने आपापल्या घरात तो कॉक शोधा आणि एकदा बंद करून उघडून बघा, आणि घरातल्या मुलांना पण दाखवा.

---

प्रेषक: विश्रामबागची लेक, डॅलस

काका, सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं, उशिरा लिहितेय कारण निकाल हातात आल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

शेजारचा बारावीतला मुलगा गच्चीवर गेला, काठीला आईच्या शिवणकामाची टेप बांधली होती. रात्री दहाला 31 इंच, सकाळी सहाला पण 31 इंच. मी इथे संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये व्हिडिओ कॉलवर होते, ती टेप ओली होऊन 31 च्या आकड्यावर चिकटलेली बघितली आणि तिथेच रडायला आलं, तीन आठवडे आई 65 हजार कुठून काढायचे याच विचारात होती आणि मला सांगत पण नव्हती.

मग बोळा लावून पाणी भरलं. दोन तासांत अर्धा इंच उतरलं. आईने वाकून टॉर्चने दाखवलं, नहाणी ट्रॅपच्या कडेला सिमेंट खाल्लं गेलंय, करंगळी जाईल एवढी फट, आणि देवघराच्या बाजूच्या कोपऱ्यात दोन टाइलमधलं पांढरं सिमेंट नाहीच. तेवढंच. दुसरा प्लंबर बोलावला, आईच्या भिशीतल्या बाईंनी सुचवलेला, त्याला फोटो आणि दोन्ही टेस्ट आधीच पाठवल्या. तो म्हणाला हे तुम्ही बघून ठेवलंत म्हणून माझा एक दिवस वाचला. गवंडी आणि तो असे दोघं, ट्रॅपची कड खरवडून भरली, सगळ्या फटींना एपॉक्सी लावलं, सामान आईने स्वतः हार्डवेअरमधून आणलं, मजुरी-सामान मिळून 4,300 रुपये. त्याच फेरीत किचनच्या सिंकखालचा कनेक्शन पाइप पण बदलून घेतला, वेगळं बोलवायला नको म्हणून. मी पैसे कमी करा असं म्हटलं नाही, आईने वर चहा-पोहे दिले.

आणि मागच्या अंगणातली जुनी तोटी आईने स्वतः केली! ती रात्रंदिवस ठिबकत होती, आईने खाली तांब्या ठेवून बघितला तर रात्रीत तांब्या भरून वाहिला. मी म्हटलं प्लंबरलाच सांग, ती म्हणाली पाच रुपयांच्या वायसरला काय प्लंबर. कॉक बंद केला, पान्याखाली जुना रुमाल गुंडाळला म्हणजे ओरखडे येत नाहीत, वरचा भाग सोडवला, आतून काळं वायसर निघालं ते एका बाजूने पार दबलेलं, त्यावर सीटचा गोल वण उमटलेला. ते घेऊनच दुकानात गेली, तसलंच दुसरं आणलं. आट्यांना टेफ्लॉन टेप उलटी गुंडाळत होती, मी कॅमेऱ्यातून ओरडले, ज्या दिशेने पिळायचं त्याच दिशेने गुंडाळ नाहीतर पिळताना सगळी गोळा होते. आठ वेढे दिले. ठिबकणं बंद.

बाथरूममधल्या नव्या तोटीत असलं वायसर नाहीये, त्यात म्हणे चिनी मातीच्या चकत्या असतात, तिचा आख्खा स्पिंडलच, म्हणजे आतला फिरणारा भाग, बदलावा लागतो, ते प्लंबरने दाखवलं.

आता आईने गच्चीवरच्या प्रत्येक कॉकला ऑइल पेंटने अक्षर काढून घेतलंय, बाथरूमला बा, किचनला कि, संडासला सं. त्याच मुलाकडून, त्याला पुस्तकांसाठी पाचशे रुपये दिले.

ओल अजून गेली नाही पण रेघेच्या आत चार बोटं सरकलीय.

---

प्रेषक: काका, गावभाग सांगली (सध्या शिकागो)

पोरी, छान केलंस, आईला माझा नमस्कार सांग. चार बोटं म्हणजे पुष्कळ झालं.

आता रंगाची घाई करू नका, भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावला तर महिन्यात परत पोपडे येतील. सैल झालेलं प्लास्टर फक्त खरवडून घ्या, वारा लागू दे, देवघराची खिडकी दिवसा उघडी ठेवा. गॅलरीतून नाहीतर गच्चीवरून त्या भिंतीला पावसाचं पाणी लागत असेल तर ते जूनशिवाय कळणार नाही. म्हणून पेन्सिलची रेघ पुसू नका, जुलैत परत बघायची आहे.