उत्तर: अविका गोरच्या कारकिर्दीत खंड पडला का?

'मोठी झाल्यावर तिला काम मिळेना' असं वर कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. 'बालिका वधू' ही मालिका २००८ मध्ये सुरू झाली, तेव्हा त्यात आनंदी झालेली अविका ११ वर्षांची होती. २०११ मध्ये, जेमतेम १३-१४ व्या वर्षी, 'ससुराल सिमर का'मध्ये रोली झाली आणि २०१३ मध्ये 'उय्याला जम्पाला' या तेलुगू चित्रपटात नायिका. खंड कुठे आहे? खरी अडचण वेगळी: रोज दिसणारा चेहरा एकाच पात्राशी जखडतो. दुसऱ्या भाषेतल्या प्रेक्षकाला आनंदी आठवत नसते, म्हणून तो रस्ता तिला मोकळा मिळाला.

बालकलाकारांच्या पैशांचं काय होतं, असंही विचारलं होतं. बालकामगार कायद्याचे २०१७ चे नियम अविकाच्या आनंदीच्या भूमिकेनंतरचे. १४ वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांनंतर विश्रांती हवीच, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मानधनाचा किमान २०% भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जातो. पालकांनी करार करतानाच ठेवीची पावती मागावी. उरलेल्या ८०% रकमेवर असं कुलूप नाही, आणि मला खरी काळजी तिथेच वाटते.