सिस्टीमचा रिपोर्ट बघून जुन्या व्यापाऱ्याकडून काजूची बी घेणं बंद केलं. चुकलं का?

काजूगर_वेंगुर्ला (धागाकर्ता)

वेंगुर्ल्याजवळ आमचा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. मार्च ते मे या तीन महिन्यांत वर्षभराची बी भरून ठेवावी लागते. पैसा बँकेचा, व्याज रोज चढतं. म्हणजे कोणाची बी, किती आणि काय भावाने, हे एकदा चुकलं की पुढचं वर्षभर भोगायचं. वडील मूठभर बी हातात खुळखुळवायचे, चार अडकित्त्याने कापायचे आणि भाव सांगायचे.

तीन वर्षांपूर्वी मी संगणकावर सिस्टीम बसवली. प्रत्येक लॉटला नंबर: कोणाकडून आली, ओलावा किती, नमुना कापून गर किती निघाला, शेवटी डबे किती भरले. दोन हंगामांनंतर रिपोर्ट काढला तर आमचा सगळ्यात जुना, घरोब्याचा व्यापारी तळाला. त्याच्या बीचा गर सरासरी 22 टक्के, बाकीच्यांचा 24.

दोन टक्के ऐकायला काहीच नाही. पण बी 120 रुपये किलो धरा. 24 टक्के गर निघाला तर एक किलो गरामागे बीचा खर्च 500 रुपये, 22 टक्क्यांना 545. मजुरी, वाफ, डबा याच्या वर. वडिलांना हे तीस वर्षांत दिसलं नाही, कारण गोदामात सगळ्यांची पोती एकमेकांत मिसळायची. वर्षाअखेरीस एकच आकडा हातात यायचा आणि तो बरा असायचा.

यंदा त्याची बी घेतली नाही. वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटतं धंद्याचे निर्णय असेच घ्यायला हवेत. तुमचं काय म्हणणं?

बोरम्याजवळचा

वडिलांचं बरोबर आहे.

मी बावीस वर्षं काजूच्या कारखान्यात आहे. नमुना कुठल्या पोत्यातला काढता? वरच्या थरातला की तळापर्यंत परखी (पोत्यातून नमुना काढायची टोकदार नळी) घालून? नमुना कापून वजन टिपणारा मुलगा कोण? आमच्याकडे एका हंगामात असं झालं की एन्ट्री करणाऱ्याला शनिवारी घरी जायची घाई, म्हणून शुक्रवारचेच आकडे तो शनिवारच्या लॉटला चिकटवायचा. स्क्रीनवर रेषा मात्र इतकी सरळ की मालक खूश.

दुसरं म्हणजे तुमच्या त्या व्यापाऱ्याची बी पूर्ण वाळलेली नसणार. बी दोन-तीन दिवस कडक उन्हात पडली की ओलावा 8-9 टक्क्यांवर येतो. ओली बी वजनाला जास्त भरते आणि गर कमी निघतो. यात माणूस लबाड आहे की त्याचं अंगण लहान आहे, हे सिस्टीमला कसं कळणार? आणि मे महिन्यात अवकाळी पाऊस आला की बाकीचे फोन उचलत नाहीत. तेव्हा टेम्पो भरून दारात कोण येतो, याचा कॉलम आहे का तुमच्याकडे?

पाच_डझनी

मी काजूतला नाही, हापूसवाला. धागाकर्त्याच्या बाजूने. वाशीच्या दलालाकडून येणाऱ्या तीन वर्षांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे कागद) एक्सेलमध्ये टाकल्या. गाडीभाडं, हमाली, खोका, पेंढा, दलाली वजा केली तेव्हा कळलं की हंगामाच्या शेवटच्या पंधरवड्यात मी पेट्या भरून फक्त गाडीवाल्याला पोसत होतो. आता तेवढा आंबा सरळ कॅनिंगला देतो. दर कमी मिळतो, पण पदरात जास्त पडतात. हे डोक्यात ठेवून जमलं नसतं, कारण डोक्यात फक्त पहिल्या पेटीचा भाव राहतो!

ट्रे_नंबर_सात

इथे सगळे बी आणि भावावर बोलताय. मी आत काय होतं ते सांगते. मी एका कारखान्यात (नाव नको) सोलायच्या विभागावर देखरेख करायचे. बोरम्यातून (गर वाळवायच्या भट्टीतून) तापून आलेल्या गराची तांबडी साल बायका चिमट्याने आणि छोट्या सुरीने काढतात. मालकांनी डॅशबोर्ड आणला: कोणी दिवसात किती किलो सोललं. महिन्याने खालच्या पाच जणींना 'उद्यापासून येऊ नका' सांगितलं.

त्या पाचांतल्या तिघी मी मुद्दाम मोठ्या गरावर बसवल्या होत्या. डब्ल्यू 180 म्हणजे पौंडात 180 पर्यंत अखंड गर, सगळ्यात मोठा आणि महाग. तो घाईने सोलला की पाकळी होते, नाहीतर टोक तुटतं, आणि दर एकदम खाली येतो. म्हणून त्या हळू सोलायच्या. त्यांच्या ट्रेमध्ये तुकडा शोधावा लागायचा. डॅशबोर्डला दिसलं फक्त 'हळू'.

पुढच्या महिन्यात किलो वाढले. आणि तुकडासुद्धा. तुकड्याचा हिशेब वेगळ्या रिपोर्टमध्ये, तो अकाउंटवाले बघायचे. दोन्ही कागद एका टेबलावर कधी आलेच नाहीत. मी सांगायला गेले तेव्हा उत्तर मिळालं, "ताई, तुमचं बरोबर असेल, पण डेटा वेगळं सांगतोय."

काजूगर_वेंगुर्ला

ताई, वाचून वाईट वाटलं. पण हा दोष सिस्टीमचा नाही, काय मोजायचं ते ठरवणाऱ्याचा आहे. किलोच्या शेजारी अखंड गराची टक्केवारी ठेवली असती तर त्याच तिघी वरच्या नंबरला आल्या असत्या. डॅशबोर्ड नसता तरी मालकाने कुणाला तरी काढलंच असतं, आणि ते कोण जास्त बोलतं यावरून.

बोरम्याजवळचा, नमुन्याचं मान्य. आम्ही परखी घालतो, पण तळापर्यंत जाते की नाही हे मी उभं राहून पाहिलेलं नाही.

ट्रे_नंबर_सात

अखंडाची टक्केवारी ठेवली तरी भांडण मिटत नाही दादा. बोरमा जास्त तापला तर गर ठिसूळ होतो, कमी तापला तर साल चिकटून बसते. दोन्ही वेळा तुकडा पडतो आणि नाव सोलणाऱ्या बाईचं लागतं. बोरम्याचं तापमान कोणी लिहितं का?

बोरम्याजवळचा

लिहितो ना. सकाळी एकदाच, दिवसभराचं. (हसू नका.)

कुडाळचे_सर

मी व्यवस्थापन शिकवतो म्हणून थोडी भर. हर्बर्ट सायमन यांनी निर्णयांचे दोन प्रकार सांगितले होते: ठरलेल्या रीतीने घेता येणारे आणि दरवेळी नव्याने विचार करावे लागणारे. त्यांना 1978 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. डबे किती मागवायचे, साठा कितीवर आला की ऑर्डर द्यायची, हे पहिल्या प्रकारातलं, ते संगणकाला खुशाल द्या. जुना व्यापारी तोडायचा का, हे दुसऱ्यातलं. तिथे सिस्टीमने आकडे मांडावेत, ठरवू नये. आणि व्यवस्थापनाचे अभ्यासक रसेल अ‍ॅकॉफ यांनी 1967 मध्येच लिहून ठेवलंय की व्यवस्थापकाची अडचण माहिती कमी असण्यापेक्षा बिनकामाची माहिती फार असण्यात आहे. ताईंच्या मालकांकडे रिपोर्ट दोन होते, आणि त्यांनी नको तोच उघडून बसायची सवय लावून घेतली.

गजालीवालो

ह्यां सगळां बरां आसा सर, पण बँकेची नोटीस इली तर खंयच्या प्रकारात घालूचां तां सांगा.

मिरकरवाडा_बोट

आमच्या धंद्यातलं सांगतो. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राकडून मासा कुठे सापडू शकेल याचा सल्ला येतो. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य टिपतो, त्यावरून कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीत ते कळवतात. ढग दाटले की मिळत नाही, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा प्रश्नच नाही. चांगली सोय आहे. डिझेल वाचतं, उगाच फिरणं कमी होतं. याला नावं ठेवणारा मी नाही.

पण तोच सल्ला शेजारच्या बोटीलाही गेलेला असतो. चाळीस बोटी एकाच पट्ट्यात गेल्या, सगळ्यांना बांगडा लागला, सगळ्या पहाटे एकदम जेटीवर. लिलावात भाव असा पडतो की बर्फाचे पैसे निघत नाहीत. सल्ल्यात मासा कुठे ते होतं, भाव नव्हता. तांडेल (बोट चालवणारा मुख्य माणूस) सल्ला वाचतो, मग वायरलेसवर कोण कुठे चाललंय ते ऐकतो, आणि कधी कधी मुद्दाम उलटीकडे नेतो. कागद न वाचता नेली असती तर तो जुगार झाला असता. आम्ही त्याला पगार त्या कानाचा देतो.

आता काजूवाले दादांचं. सगळ्या कारखान्यांनी तुमच्यासारखी सिस्टीम घेतली तर 24 टक्केवाल्या व्यापाऱ्याच्या दारात सगळेच उभे राहणार. तो भाव चढवणार. तेव्हा तुमचे 45 रुपये कुठे राहतील?

पाच_डझनी

हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. कॅनिंगचंही तेच होईल, सगळे एकदम वळले तर.

काजूगर_वेंगुर्ला

काल त्या व्यापाऱ्याकडे स्वतः गेलो, वडिलांना घेऊन. बोरम्याजवळचा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. तो सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांतून बी उचलतो, तिथे लोकांना त्याच दिवशी रोख लागते. वाळवायला थांबलं तर दुसरा कोणीतरी घेऊन जातो. त्याच्या घरी खळं आहे, पण निम्म्यावर मुलाने टपरी टाकली आहे.

रिपोर्ट नसता तर मी गेलो नसतो, एवढं मात्र खरं. वडील वर्षानुवर्षं त्याच्याकडे जेवले, पण हा विषय कधी निघाला नव्हता.

त्याला म्हटलं, ओलावा 9 च्या आत असेल तर पूर्ण भाव, वर गेला की टक्क्यामागे कमी. त्याने सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मीटर कोणाचा?"

बोरम्याजवळचा

मग काय सांगितलंत?

काजूगर_वेंगुर्ला

मी काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "दोघांचे." पुढच्या बाजाराला तो स्वतःचा मीटर विकत घेऊन येतोय. पैसे वडिलांनी दिलेत, ते कुठल्या खात्यात टाकायचे ते मात्र सिस्टीमला सांगता येत नाहीये.