मदत हवी आहे: पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने देतोय, नोटरी करू की रजिस्टर? आणि सोसायटी २५ टक्के मागतेय

धायरीची_घरमालकीण

नमस्कार मंडळी, खूप मोठं लिहितेय पण सगळं एकदाच सांगते म्हणजे तुम्हाला परत परत विचारायला नको.

आम्ही गेल्या दिवाळीनंतर धायरीत एक रीसेल वन बीएचके घेतला, ३८ लाखाला. स्टॅम्प ड्यूटी ७ टक्के आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार धरून जवळपास तीन लाख वर गेले ते वेगळेच. २८ लाखांचं लोन आहे, हप्ता २४ हजार तीनशेच्या आसपास. आम्ही स्वतः वारज्यात सासूबाईंसोबत राहतो, त्यामुळे हा फ्लॅट भाड्याने द्यायचा हे आधीपासून ठरलेलं. घरात याआधी कुणीच घर भाड्याने दिलेलं नाही, उलट माझं लहानपण भाड्याच्या घरात गेलंय, त्यामुळे मालकाच्या बाजूने काय काय करायचं असतं ते खरंच माहीत नाही.

आता अडचण अशी आहे की दोन गिऱ्हाइकं आलीत. एक एजंटने आणलेली फॅमिली, साडेपंधरा हजार द्यायला तयार, पण भाडं कॅश देणार आणि करार नोटरीच करू म्हणतात. एजंटपण तेच म्हणतो, की ताई अकरा महिन्यांचंच तर आहे, अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्टर लागत नाही, उगाच खर्च कशाला. दुसऱ्या दोन मुली आहेत, दोघी नर्स, एक सांगोल्याची आणि एक साताऱ्याची, चौदा हजार देतील, ऑनलाइन. मला खरं सांगायचं तर मुलींनाच द्यावंसं वाटतंय, नाइट ड्यूटी करून येणाऱ्या पोरी आहेत, त्यांना जवळ घर हवंय. पण सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले की आमच्याकडे फक्त फॅमिली चालते, आणि भाड्याने दिलात तर मेंटेनन्सच्या २५ टक्के जादा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज पडेल. मेंटेनन्स १८०० आहे, म्हणजे महिन्याला साडेचारशे!

त्यात मावशीच्या फ्लॅटमधला भाडेकरू करार संपल्यावर वर्षभर निघाला नव्हता, ते सगळं मी जवळून पाहिलंय, मावशीला बीपीच्या गोळ्या तेव्हापासून सुरू झाल्या. म्हणून भीती वाटते.

आणि शेवटचं, मिस्टरांना आता लगेच दुसरा फ्लॅट बुक करायचाय, एका नवीन प्रोजेक्टमध्ये, प्री-लाँच म्हणजे विक्री सुरू व्हायच्या आधीचा रेट आहे म्हणे, दोन लाखांचा चेक द्या, नंतर भाव वाढणार. हेपण सांगा प्लीज.

सातारा_रोड

ताई बाकी काही करा पण नोटरी करू नका. सविस्तर जाणकार सांगतीलच.

पर्वतीची_काकू

अगं बाई, तुझी पोस्ट वाचून हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. मी गेली एकोणीस वर्षं दोन फ्लॅट भाड्याने देतेय आणि पहिल्या वेळी अगदी हीच चूक केली होती, म्हणून नीट सांगते.

अकरा महिन्यांचं जे सांगतात ना ते महाराष्ट्रात लागू नाही. दुसऱ्या बऱ्याच राज्यांत वर्षाच्या आतल्या कराराला रजिस्ट्रेशनची सक्ती नसते, त्यावरून ते आलंय. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला हा ठरावीक मुदतीचा भाडेकरार, लेखी आणि रजिस्टर असावंच लागतं, मग ते पाच महिन्यांचं असो नाहीतर तीन वर्षांचं. आणि ही जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू सांगेल तेच धरलं जातं, ते खोटं आहे हे तू सिद्ध करायचं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो असंही त्यात लिहिलंय.

माझ्या वेळी मी नोटरी केली होती, डिपॉझिट साठ हजार घेतलं होतं, तो माणूस नंतर म्हणाला दीड लाख दिले, वरचे कॅश दिले. माझ्याकडे दाखवायला काय होतं? साध्या कागदावर नोटरीचा शिक्का. चौदा महिने गेले त्यात, आणि शेवटी चाळीस हजार जास्तीचे देऊन सोडवून घेतला फ्लॅट. तुझ्या त्या फॅमिलीचं मला माहीत नाही, चांगली असतीलही, पण कॅश आणि नोटरी या दोन गोष्टी एकत्र मागणाऱ्याला मी घर देत नाही. दीड हजार जास्त मिळतायत म्हणून तर मुळीच नाही.

आता खर्च बघ. स्टॅम्प ड्यूटी पाव टक्का असते, अकरा महिन्यांचं एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, त्याच्यावर. चौदा हजार भाडं आणि बेचाळीस हजार डिपॉझिट धरलंस तर चारशेच्या आसपास होते. रजिस्ट्रेशन फी पुण्यात एक हजार, ऑनलाइन केलं तर डॉक्युमेंट हँडलिंगचे तीनशे. म्हणजे सतराशे. अंगठे घ्यायला घरी माणूस येतो त्याचे वेगळे, ते ठरवून घे आधी. पुण्यात हा खर्च अर्धा अर्धा करायची पद्धत आहे. सतराशे रुपये वाचवायला तू ३८ लाखांचं घर कसं काय टांगणीला लावतेस?

मावशीचं म्हणालीस, तर त्याच कायद्यात कलम २४ आहे. लायसन्सची मुदत संपली आणि माणूस निघत नसेल तर साध्या कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदत संपल्यापासून घर सोडेपर्यंत दुप्पट दराने पैसे मागता येतात. पण तिथे तुझा करार हाच पुरावा असतो, म्हणून कागद पक्का हवा. आणि मुदत संपली की "राहू दे अजून दोन महिने" असं तोंडी कधी करू नकोस, दोन महिने तर दोन महिने, नवा करार कर.

किल्ली द्यायच्या दिवशी अर्धा तास जास्त दे. कपाट भिंतीपासून सरकव आणि मागे ओल आहे का बघ, सिंकखाली हात घालून बघ, गीझर चालू करून बघ, लाइटच्या मीटरचं रीडिंग भाडेकरूसमोर फोनमध्ये फोटो काढून दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. पंखे किती, ट्यूब किती, किल्ल्या किती, सगळं यादीत लिही आणि ती यादी कराराला जोड. डिपॉझिटची भांडणं नव्वद टक्के वेळा रंगावरून आणि नळावरून होतात गं, भाड्यावरून नाही.

माजी_चेअरमन_कोथरूड

काकूंनी कराराचं छान सांगितलंय, मी फक्त सोसायटीचं सांगतो कारण आठ वर्षं त्या खुर्चीत बसलोय.

नॉन-ऑक्युपन्सी चार्ज सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खाली काढलेला. आणि हे १० टक्के पूर्ण मेंटेनन्सवर नाही, फक्त सर्व्हिस चार्जेसवर, म्हणजे मनपाचा टॅक्स, सिंकिंग फंड (बिल्डिंगच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव पैसा), रिपेअर फंड हे त्यात धरायचं नाही. तुमच्या १८०० पैकी सर्व्हिस चार्जेस समजा १२०० असतील तर महिन्याला १२० रुपये होतात, साडेचारशे नाही.

पण त्याआधी एक गोष्ट बघा, तुमची खरंच सोसायटी आहे की अपार्टमेंट, म्हणजे सहकारी संस्था नसून फ्लॅटमालकांचं असोसिएशन? पुण्यात बऱ्याच बिल्डिंगा अपार्टमेंट असतात आणि लोक बोलताना सोसायटीच म्हणतात. तो आदेश सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी आहे. खरेदीच्या कागदांत शेअर सर्टिफिकेट आलं असेल तर सोसायटी, डीड ऑफ अपार्टमेंट असेल तर अपार्टमेंट, तिथे डिक्लेरेशन आणि असोसिएशनचे नियम वाचावे लागतील.

बॅचलरच्या बाबतीत, तुम्ही लेखी पत्र द्या की अमुक तारखेपासून फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देतेय, सोबत कराराची प्रत आणि पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत, आणि पोच घ्या. तोंडी विचारू नका, तोंडी विचारलं की तोंडी नाही म्हणतात. ठराव कुठे झालाय, मिनिट्समध्ये काय लिहिलंय ते लेखी द्या म्हणावं. मी स्वतः चेअरमन असताना आधी "फॅमिलीच" म्हणणाऱ्यांतला होतो हे कबूल करतो, नंतर आमच्याकडे तीन मुली राहिल्या, सीए करणाऱ्या, त्यांच्याकडून चार वर्षांत एक तक्रार आली नाही. भेटून बोला सेक्रेटरींशी, मुलींनाही सोबत न्या, बराचसा विरोध माणूस समोर बघितला की मावळतो.

आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरायला विसरू नका, ते नाही केलं तर गुन्हा मालकावर दाखल होऊ शकतो.

आकडेमोड

टॅक्सचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. भाडं दाखवायला घाबरू नका, तुमच्या केसमध्ये टॅक्स शून्यच येणार आहे बहुतेक. वर्षाचं भाडं १,६८,००० धरू, त्यातून तुम्ही भरलेला मनपाचा टॅक्स वजा, समजा ९,०००, राहिले १,५९,०००. त्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, खर्चाची पावती लागत नाही, राहिले १,११,३००. आणि तुमच्या लोनचं पहिल्या वर्षाचं व्याजच साडेआठ टक्क्याने सव्वादोन लाखांच्या वर जातं. म्हणजे करपात्र काही उरत नाही. फक्त इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये असाल तर उरलेला तोटा पगारातून वजा होत नाही, जुन्यात दोन लाखांपर्यंत होतो. कॅश घेऊन लपवण्यात तुमचा काडीचा फायदा नाही, झाला तर तोटाच.

मनपाच्या टॅक्समध्ये स्वतः राहणाऱ्यांना ४० टक्के सवलत असते ती भाड्याने दिल्यावर धरू नका. लोनच्या करारात भाड्याने देण्याआधी बँकेला कळवायची अट आहे का तेपण वाचा.

आता मिस्टरांना हे दाखवा: १,६८,००० मधून एक महिना रिकामा गेला असं धरा, म्हणजे १४ हजार गेले, मेंटेनन्स २१,६०० गेला, मनपाचा टॅक्स आणि छोटी दुरुस्ती मिळून १२ हजार धरा. हातात १ लाख २० हजार. तुमचा फ्लॅट पडला ४१ लाखाला. तीन टक्केसुद्धा नाहीत. आणि हप्त्यापोटी दर महिन्याला खिशातून चौदा हजारांच्या वर घालायचे आहेत तुम्हाला. भाव वाढेल तेव्हा वाढेल, पण सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडेपर्यंत दुसरा फ्लॅट नको, कळकळीने सांगतोय.

सातारा_रोड

प्री-लाँचबद्दल मी सांगतो, माझा भाऊ यात पोळलाय. महारेरा (बांधकाम प्रोजेक्टवर देखरेख करणारी सरकारी संस्था) कडून रजिस्ट्रेशन नंबर आला नसेल तर बिल्डरला जाहिरात करता येत नाही, बुकिंगही घेता येत नाही, मग त्याला ते इओआय (घ्यायची इच्छा आहे असं लिहून देणं) म्हणोत की टोकन. आणि नंबर आल्यावरसुद्धा रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत. महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट टाका, पझेशनची तारीख किती वेळा पुढे गेली, किती फ्लॅट विकले गेले, केसेस किती, सगळं दिसतं. नंबर नसेल तर चेक देऊच नका. भावाचे दोन वर्षांपूर्वीचे पैसे अजून परत यायचेत, फोनही उचलत नाहीत आता.

धायरीची_घरमालकीण

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते.

आमची सोसायटीच निघाली, शेअर सर्टिफिकेट आहे. मिस्टरांनी साइटवर शोधलं, त्या प्रोजेक्टला नंबरच नाहीये. चेक दिला नाही.

मुलींना घेऊन सेक्रेटरींकडे गेले. पत्र आणि २००१ चा आदेश दोन्ही नेलं होतं, पण आदेश काढायची वेळच आली नाही, त्यांच्या सूनबाईंनी चहा केला आणि साताऱ्याच्या मुलीची कुठलीतरी ओळख निघाली. १० टक्केच लावू म्हणाले. तरी पोच घेतली, चेअरमन काकांनी सांगितल्याप्रमाणे.

कराराचा मसुदा मुलींना पाठवला होता, तर सांगोल्याच्या मुलीच्या वडिलांचा फोन आला. शेतकरी माणूस, डाळिंबाची बाग आहे त्यांची, त्यांनी सगळा कागद वाचला होता, आणि विचारलं की ताई यात डिपॉझिट परत देणार एवढंच लिहिलंय, किती दिवसांत देणार ते कुठे लिहिलंय? खरंच नव्हतं लिहिलेलं. मला तर सुचलंच नव्हतं, मी सगळा विचार माझ्या बाजूनेच करत होते. किल्ली परत दिल्यावर पंधरा दिवसांत, आणि काही कापलं तर त्याची बिलं दाखवून, असं घातलं. लहानपणी आम्ही घर सोडलं तेव्हा आईचं डिपॉझिट चार महिने अडकलं होतं ते आठवलं मला.

परवा अंगठे झाले. काकू, कपाट सरकवलं आणि तुम्ही म्हणालात तेच, मागे हातभर ओल, पोपडे सुटलेले, बाथरूमच्या बाजूची भिंत आहे ती. आधीच्या मालकांनी तिथे मुद्दाम कपाट ठेवलं होतं का देव जाणे. मीटरचं रीडिंग ४३१२, फोटो तिघींच्या ग्रुपवर टाकलाय. मुली पाच तारखेला येणार आहेत.

आता तेवढं सांगा, ही ओल बाथरूमच्या टाइल्समधून आहे की पाइप गळतोय हे घरच्या घरी कसं ओळखायचं? प्लंबर आला तर सरळ सगळ्या टाइल्स काढा म्हणतोय. पाच तारखेच्या आत करायचंय.

पर्वतीची_काकू

टाइल्स काढू नकोस इतक्यात. दोन दिवस बाथरूम अजिबात वापरू नका, पण मेन कॉक चालू ठेव. ओल तशीच वाढत राहिली तर पाण्याचा पाइप, सुकायला लागली तर बहुधा टाइल्सच्या फटीतून जातंय, मग नुसतं ग्राउटिंग (फटी भरणं) करून बघ आधी. भिंतीवर ओल जिथपर्यंत आलीये तिथे पेन्सिलने रेघ मारून ठेव आणि तारीख टाक, म्हणजे वाढली की सुकली ते डोळ्याला कळेल. आणि पाचच्या आत नाही झालं तर मुलींना स्पष्ट सांग आणि यादीत लिही, लपवू नकोस.