गगनबावड्यात लसीच्या फ्रिजला सोलर की लाईट?

घाटमाथा: आमच्याकडं आषाढात तारेवर झाड पडलं की लाईट परत कधी येईल याचा नेम नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातली लस मात्र २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते. आता बॅटरीशिवाय थेट उन्हावर चालणारे फ्रिज निघालेत. दिवसा आत बर्फ धरतात, त्यावर रात्र निघते. दुर्गम केंद्रांना तेच द्या, लाईटच्या नादी लागूच नका.

निवृत्त_फार्मासिस्ट: जुलैत गगनबावड्यात ऊन आणणार कुठनं? आयएलआरच्या, म्हणजे लाईटवर चालणाऱ्या लसीच्या फ्रिजच्या, भिंतीतच बर्फाचं अस्तर असतं. दिवसाला ८ तास लाईट मिळाली तरी तो तापमान धरतो, आणि तेवढी बहुतेक दिवस मिळतेच. उरलेल्या दिवसांना जनरेटर.

घाटमाथा: आणि दरड पडल्यावर डिझेल काय डोक्यावरनं आणायचं? पॅनेलचं माप मे महिन्यावर नाही, जुलैवर काढायचं. ऊन नसताना किमान ३ दिवस तग धरणं ही जागतिक आरोग्य संघटनेची अटच आहे.

पॅनेलवाला: दादा, मी हीच कामं करतो. जुने सोलर फ्रिज बॅटरीनं मारले. तीन-पाच वर्षांत ती बसायची आणि नवीला पैसे नसायचे. आता बॅटरी गेली, पण पॅनेलवरचं शेवाळ पुसायला छपरावर चढणार कोण? ते नाव आधी ठरवा, मग सोलर मागा.

सिस्टर_राधानगरी: तुम्ही सगळे गरमीवरच भांडताय. हेपॅटायटिस बी, पेंटा, टीडी या लसी गोठल्या तरी वायाच! कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारा ठिपका, गरमी दाखवतो, गोठलेलं नाही. रॉकेलच्या फ्रिजचं दुखणं तेच, ज्योतीवर तापमान आवरत नाही. दुसरं, उपकेंद्रावर लस कॅरियरमधनं, म्हणजे हातात न्यायच्या थंड पेटीतनं, जाते. त्याचे आइसपॅक कशात गोठवणार? नुसता फ्रिज देऊन भागत नाही, पॅक गोठवायचा कप्पाही पाहिजे. आणि पॅक काढल्या काढल्या भरायचे नाहीत. हलवून आत पाणी वाजलं की मगच.

निवृत्त_फार्मासिस्ट: सिस्टर, पॅकचं माझ्या ध्यानात नव्हतं. तरी मी म्हणतो, ८ तास लाईट असेल तिथं आयएलआरच. सोलर फक्त त्याहून कमी असेल तिथं.

घाटमाथा: मग वर्षाची सरासरी काढू नका, पावसाळ्याचे चार महिने वेगळे मोजा. मी आजपासनं वहीत लाईट गेल्या-आल्याची वेळ लिहितोय. पॅनेलवाले, एक सांगा. केंद्राच्या पूर्वेला जुना फणस आहे, अकरापर्यंत छपरावर सावली.

पॅनेलवाला: मग पॅनेल खाली मोकळ्यावर, खांबावर घ्या. फणसाला हात लावला तर गाव तुम्हाला सोडायचं नाही.