गोल्डन गेट पार्क: दोन ज्येष्ठ, दोन मुलं, एक शनिवार

नमस्कार मंडळी,
जुलैतल्या एका शनिवारी फ्रीमाँटहून सॅन फ्रान्सिस्कोतल्या गोल्डन गेट पार्कला जायचं आहे. सोबत सत्तरीतले दोघं (गुडघ्यांमुळे सलग पंधरा मिनिटांपलीकडे चालणं नको) आणि 6 व 9 वर्षांची मुलं. यादीत जपानी टी गार्डन, ॲकॅडमी ऑफ सायन्सेस (मत्स्यालय आणि तारांगण असलेलं विज्ञान संग्रहालय), बोटी, पवनचक्क्या, बायसन (अमेरिकन रानगवे) असं सगळं आहे. गाडी कुठे लावावी? क्रम कसा ठेवावा?
– एक नवी सभासद

---

ताई, नमस्कार.
आधी यादी निम्मी करा. पार्क पूर्व-पश्चिम सुमारे 3 मैल लांब आहे, 1,017 एकरांचं. टी गार्डन, ॲकॅडमी, डी यंग संग्रहालय आणि बोटॅनिकल गार्डन ही चारही ठिकाणं पूर्वेकडच्या म्युझिक कॉनकोर्स या मोकळ्या चौकाभोवती, एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांवर. पवनचक्क्या मात्र पश्चिम टोकाला, थेट ओशन बीच या समुद्रकिनाऱ्यावर. बायसनही पश्चिमेकडेच. ही दोन टोकं एका दिवसात जोडायला गेलात की ज्येष्ठांचा सगळा वेळ बसथांब्यांवर जातो. पूर्व भाग धरा.

शक्यतो गाडी नको. बार्ट रेल्वेने ग्लेन पार्क स्टेशनला उतरा, तिथून 44 नंबरची मुनी (शहराची बससेवा) बस थेट कॉनकोर्सवर, ॲकॅडमीच्या दारात सोडते. मुनीत 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना भाडं नाही. भाडं भरायचं क्लिपर कार्ड किंवा टॅप करायचं बँक कार्ड माणशी वेगळं लागतं, एकाच कार्डावर दोघं जाऊ नका.

गाडी आणायचीच असेल तर कॉनकोर्सखालचं भुयारी गॅरेज. उत्तरेकडून आत शिरायचं तर फुल्टन स्ट्रीट आणि 10व्या ॲव्हेन्यूचा कोपरा. बरेच जण चुकतात ते जेएफके ड्राइव्ह या पार्कातल्या मुख्य रस्त्यावर. रस्त्याचा पूर्वेकडचा दीड मैल गाड्यांना कायमचा बंद आहे, 2022 मध्ये मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. तुमच्यासाठी तो फायद्याचाच: सपाट डांबर, गाड्यांची भीती नाही, मुलांना मोकळं सोडता येतं. गाडी गॅरेजमध्ये असो वा रस्त्यावर, सीटवर पिशवी, जॅकेट, चार्जरची वायरसुद्धा ठेवू नका. काच फोडायला तेवढं पुरतं.

जुलैत कपडे थंडीचे. फ्रीमाँट तापतं तेव्हा आतल्या खोऱ्यांतली गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा धुकं घेऊन आत खेचली जाते. म्हणजे तुमच्याकडे उकाडा जितका जास्त, तितकं इथे गार. प्रत्येकाला एक वाराबंद जॅकेट हवंच; ज्येष्ठांना कानटोपी. ऊन हवं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा.
– सहल समिती

---

समितीशी सहमत, फक्त क्रमाबद्दल थोडं.
टी गार्डनमध्ये सोमवार, बुधवार, शुक्रवारी सकाळी 10 च्या आत शिरलं तर प्रवेश मोफत असतो, म्हणून पुष्कळ जण ते पहिलं ठेवतात. शनिवारी ती सवलत नाही. तेव्हा दार उघडायच्या वेळेलाच ॲकॅडमी गाठा, तिकीट आधीच ऑनलाइन वेळेसह काढलेलं असू द्या. आत गेल्या गेल्या तारांगणाच्या खेळाची जागा धरा, मासे नंतर. दुसरं रेनफॉरेस्ट, म्हणजे वर्षावन. हा 90 फूट व्यासाचा काचेचा घुमट. चढणीच्या वाटेने वर जायचं आणि लिफ्टने खाली मत्स्यालयात उतरायचं. दुपारी इथेच सर्वांत मोठी रांग लागते. आत दमट उकाडा असतो, जॅकेटं हातात घ्या. ज्येष्ठांना चढण नको असेल तर त्यांना थेट मत्स्यालयात बसवा, तिथे बाकं आहेत. छतावरची अडीच एकरांची हिरवळही लिफ्टने गाठता येते.

टी गार्डन 1894 च्या प्रदर्शनातलं. बाग देखणी, पण गुडघ्यांसाठी सोपी नाही: दगडी पायऱ्या, चढउतार, आणि तो कमानदार पूल जवळपास शिडीसारखा चढायचा. मुलं चढोत, ज्येष्ठांनी चहाघराजवळ तळ्याकाठी बसावं.
– सनसेट भागातील सभासद

---

बोटींबद्दल. जुन्या नकाशांवर ‘स्टो लेक’ दिसेल; 2024 पासून त्याचं नाव ‘ब्लू हेरॉन लेक’. कॉनकोर्सवरून चढाची वाट आहे, म्हणून ज्येष्ठांना पायी नेऊ नका. पोहोचल्यावर मात्र तळ्याभोवतीची मैलभराची वाट सपाट आहे. मधल्या स्ट्रॉबेरी हिलची चढण त्यांना नको. पेडल बोटीत मुलांसोबत मोठं माणूस हवं. दुपारनंतर वारा वाढला की पाय भरून येतात, तेव्हा बोट दुपारच्या आधी किंवा नाहीच.

ॲकॅडमीनंतर मंडळी दमली असतील तर टी गार्डन सोडा आणि समोरच्या डी यंगचा मनोरा गाठा. तिकीट लागत नाही, लिफ्टने वर जायचं, चारी बाजूंनी काच. धुकं नसेल तर गोल्डन गेट पुलाचे खांब दिसतात. मनोरा संग्रहालयाच्या आधी बंद होतो, म्हणून चारच्या आत जा.

आणखी एक: ऑगस्टमध्ये पार्कात आउटसाइड लँड्स हा संगीत महोत्सव असतो, त्या तीन दिवसांत येऊ नका. पोलो फील्डकडचा भाग बंद असतो आणि 5 नंबरची बस व एन जुडा ट्राम यांत पाय ठेवायला जागा नसते.
– ज्येष्ठ गट

---

सर्वांचे आभार. पवनचक्क्या आणि बायसन वगळले. टी गार्डनचं दुपारी ठरवू. बार्टनेच येतो, जेवणाचे डबे घेऊ का?
– नवी सभासद

---

घ्या. कॉनकोर्सवर छाटलेल्या झाडांखाली बाकं आहेत. हिरवळीवर बसायचं तर खाली जलरोधक चादर हवी, धुक्याने गवत ओलं असतं. शिवाय गोफरच्या (घुशीसारखा प्राणी) बिळांत पाय मुरगळतो, ज्येष्ठांना बाकावरच बसवा. खारी आणि पक्ष्यांना काही घालू नका, तिथे मनाई आहे.
– सहल समिती