इंग्रजी ‘रन’चं मराठी करताना कुठे काय वापरावं?

नवी_अनुवादक :
इंग्रजीतून मराठीत भाषांतराचं काम करते. त्यात ‘रन’ हा शब्द पावलोपावली आडवा येतो. ‘धावणे’ क्वचितच चालतं, आणि कोशात इतके अर्थ दिलेले असतात की नेमका कुठला उचलावा ते कळत नाही. सध्या हे अडलं आहे : रनिंग अ फीवर, कलर्स मे रन, द लीज रन्स टिल मार्च, बँक रन, इट रन्स इन द फॅमिली, आणि सॉफ्टवेअरमधलं नुसतं ‘रन’ हे बटण. अर्थ पाठ करण्याऐवजी ते ओळखायची काही रीत आहे का?

शब्दमूळ :
आहे. क्रियापदाकडे नंतर बघा. आधी कर्ता कोण आणि पुढे कर्म आहे का, हे दोन प्रश्न विचारा.

यामागचं कारण शब्दाच्या जन्मात आहे. जुन्या जर्मानिक भाषांत या धातूची दोन रूपं होती. एक आपणहून होण्याचं आणि दुसरं करवून घेण्याचं, म्हणजे प्रयोजक. जर्मनमध्ये ती अजून वेगळी आहेत : ‘रिनन’ म्हणजे वाहणे आणि ‘रेनन’ म्हणजे धावणे. इंग्रजीत दोन्ही मिसळून एकच ‘रन’ उरला. म्हणून पाणी वाहणं हा अर्थ पायांनी धावण्याइतकाच जुना आहे, तो मागाहून चिकटलेला नाही. मराठीने मात्र भेद राखला आहे : चालणे-चालवणे, पळणे-पळवणे. कर्म दिसलं की बहुतेक वेळा ‘व’ घालावा लागतो. द मशीन रन्स, यंत्र चालतं. शी रन्स द मशीन, ती यंत्र चालवते.

अपवाद लक्षात असू द्या. ‘ही रॅन फाइव्ह किलोमीटर्स’ यात अंतर हे खरं कर्म नाही : ‘तो ५ किलोमीटर धावला’. ‘त्याने’ आला की वाक्य बिघडतं. रन अ रिस्क म्हणजे धोका पत्करणे, रन अ रेड लाइट म्हणजे सिग्नल तोडणे, रन फॉर ऑफिस म्हणजे निवडणुकीला उभं राहणे. आणि ‘पळवणे’ जपून वापरा. ‘त्याने घोडा पळवला’ म्हणजे भरधाव सोडला की चोरला, हे मागचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही.

वाहनांच्या बाबतीत मराठीत एक बारीक फरक आहे आणि तो पाळलाच पाहिजे. मार्ग किंवा वेळापत्रकाबद्दल बोलताना ‘धावणे’ : गाड्या २० मिनिटं उशिराने धावत आहेत. यंत्रणेबद्दल बोलताना ‘चालणे’ : ही बस सीएनजीवर चालते. ‘सीएनजीवर धावते’ हे जाहिरातीत शोभेल, माहितीपत्रकात नको.

मुद्रितशोधक :
तुमच्या यादीतली वाक्यं घेतो.

रनिंग अ फीवर : ‘ताप आहे’ किंवा ‘अंगात ताप आहे’. ‘ताप चालू आहे’ लिहिलेलं दिसतं, त्याने काही दिवसांचा सलग ताप सूचित होतो. मूळ वाक्यात तेवढं नसतं.

कलर्स मे रन : ‘रंग सुटू शकतो, वेगळे धुवा’. ‘रंग उडू शकतो’ म्हणजे फिका पडणं, ते वेगळं. मोज्यातला ‘रन’ म्हणजे टाका सुटून उभी रेघ पडणं. कागदावर शाईचा ‘रन’ झाला तर शाई फुटली म्हणतात.

इट रन्स इन द फॅमिली : इथे घाईने ‘आनुवंशिक’ लिहू नका. एकाच घरात सारखं खाणं आणि सारख्या सवयी असल्यानेही आजार दिसतो, मूळ शब्द कारण सांगत नाही. दवाखान्याच्या अर्जात तो प्रश्न असेल तर सरळ विचारा : ‘आई, वडील किंवा भावंडं यांपैकी कोणाला मधुमेह आहे किंवा होता का?’ रुग्णाला ‘तुमच्या कुटुंबात मधुमेह चालतो का’ असं विचारणं म्हणजे तो चालवून घेता का, असा अर्थ होतो.

बँक रन : ‘बँक धाव’ हे मराठी नव्हे. ‘ठेवी काढून घेण्यासाठी झुंबड’ हे बरोबर, पण तारीख बघून वापरा. २००७ साली ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांबाहेर खरोखर रांगा लागल्या होत्या, तिथे ‘झुंबड’ अगदी बसतो. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेतून ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले, आणि ते मुख्यतः ऑनलाइन. तिथे ‘ठेवी काढून घेण्याची धावाधाव’ जास्त खरं वाटतं.

शिवाय प्रिंट रन म्हणजे ‘२,००० प्रतींची आवृत्ती’. निवडणुकीचा रन-अप म्हणजे ‘निवडणुकीच्या तोंडावर’. क्रिकेटमध्ये धाव, धावबाद, धावगती हे केव्हाच रुळले आहेत, तिथे बिनधास्त ‘धाव’च ठेवा.

करारमदार :
भाडेकरारातलं ‘रन्स टिल मार्च’ अपुरं आहे. मार्चची कोणती तारीख ते विचारून घ्या आणि ‘कराराची मुदत ३१ मार्चपर्यंत आहे’ असं लिहा. ‘करार मार्चपर्यंत चालेल’ असं लिहिलं, तर ‘चालेल’ म्हणजे ‘हरकत नाही’ असाही अर्थ निघतो. व्याज ‘रन’ होतं तेव्हा ‘१ एप्रिलपासून व्याज आकारले जाईल’. दाव्याची मुदत ‘रन’ होते तेव्हा ‘मुदत अमुक दिवसापासून मोजली जाईल’.

सर्वांत फसवं म्हणजे जमिनीबरोबर ‘रन’ होणारी अट. शब्दशः काहीच कळत नाही. पूर्ण उलगडा करावा : ‘ही अट जमीन विकली गेल्यावर नव्या मालकावरही बंधनकारक राहील.’ शब्द वाढतात, वाढू द्या.

बटण_आणि_संदेश :
सॉफ्टवेअरबद्दल. बटणावर ‘चालवा’. स्थितीसाठी ‘चालू आहे’, कारण ‘चालू’ लिंगानुसार बदलत नाही : सेवा चालू आहे, प्रोग्राम चालू आहे.

गडबड होते ती भूतकाळात. संदेशात नावाची जागा रिकामी असते आणि तिथे नंतर काहीही येऊन बसतं. ‘चालवला’ लिहिलं आणि ‘चाचणी’ येऊन बसली की वाक्य मोडलं. यावर उपाय एकच, नाव वाक्याबाहेर काढा : ‘काम पूर्ण झाले : चाचणी’. विसंवाद कधीच होत नाही. ‘रनिंग टेस्ट्स’ला ‘चाचण्या सुरू आहेत’ पुरतं. ‘चाचण्या धावत आहेत’ मात्र नको.

शब्दमूळ :
अर्थांच्या संख्येबद्दल थोडं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे सुधारणा करताना ‘रन’ने त्याला मागे टाकलं. ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेल्याचं २०११ मध्ये सांगितलं गेलं. त्याने घाबरू नका. आपल्या ‘लागणे’चं बघा : भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, घाटात गाडी लागते, कामाला वेळ लागतो, आणि ‘करावं लागतं’ हे तर वेगळंच. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘लागणे’ची नोंद एकदा सावकाश वाचा. एका धातूचे अर्थ कसे फुटत जातात ते आपल्याच भाषेत दिसतं, आणि मग ‘रन’कडे बघणं सोपं होतं.

नवी_अनुवादक :
खूप उपयोग झाला, आभार. एक शेवटचं वाक्य : ‘शी रॅन अ वीकली दॅट रॅन फॉर इलेव्हन यर्स अंटिल द मनी रॅन आउट.’ मी केलं : ‘तिने एक साप्ताहिक चालवले जे पैसे संपेपर्यंत अकरा वर्षे चालले.’

मुद्रितशोधक :
अर्थ बरोबर आहे, पण ‘जे’ने वाक्य इंग्रजी वळणाचं झालं, आणि चालवले-चालले कानाला खटकतं. साप्ताहिक ‘निघतं’ आणि ‘बंद पडतं’, हे आपले शब्द आहेत. असं करून बघा : ‘तिचं साप्ताहिक ११ वर्षं निघत होतं. पैसे संपले आणि ते बंद पडलं.’ संपादक तीच होती हे मागच्या मजकुरात आलं नसेल, तर ‘तिने चालवलेलं साप्ताहिक’ म्हणा.