‘एक्का-राजा येईपर्यंत गप्प बसा’ हे कुणी शिकवलं रे?

थर्डगेट_बदाम
काल आपल्या ग्रुपवर एकानं पाचशेच्या पोकर टूर्नामेंटवर पोस्ट टाकलीय. म्हणणं असं की मधल्या टप्प्यात काही करायचंच नाही, मोठी जोडी नाहीतर एक्का-राजा येईपर्यंत फोल्ड करत बसायचं, अडाणी खेळणारे एकमेकांना बाहेर काढतात आणि आपण आयते पैशात जातो. खाली सगळ्यांचे अंगठे. मला राहवलं नाही म्हणून लिहालोय, कारण मी स्वतः दोन वर्षं असंच खेळून पैसे घालवलेत.

हिशोब करून बघा की. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच दोघांनी सक्तीनं टाकायचे पैसे, ३००/६०० चालू आहेत, बिग ब्लाइंडवाल्यानं वर टाकायची अँटी ६००, टेबलावर नऊ जण, तुमच्याकडं १२,००० म्हणजे २० बिग ब्लाइंड. घरच्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस हात होतात, म्हणजे २० मिनिटांच्या लेव्हलला टेबलाची एक फेरी, मग ब्लाइंड वाढतात. पहिल्या फेरीत १,५०० गेले, ४००/८०० ला २,००० गेले, ५००/१,००० ला २,५०० गेले. उरले ६,००० आणि आता ६००/१,२०० लागलंय. तासाभरात २० चे ५ ब्लाइंड झाले, तेही एक हात न हरता! आणि ज्याची वाट बघालाय ते, गुलामापासून वरच्या जोड्या आणि एक्का-राजा सगळं धरून, १,३२६ पैकी ४० वेळा येतं. म्हणजे ३३ हातांत एकदा. एक्क्याची जोडी तर २२१ मध्ये एकदा. तासभर बसून एकदा पत्ते येणार आणि तेव्हा तुम्ही सगळं ढकललं, ऑल-इन गेलात, तर कुणी भीक घालणार नाही, कारण तुम्ही गप्प बसलेलं सगळ्यांनी बघितलेलं असतंय.

त्यापेक्षा ३००/६०० लाच, आधीचे सगळे सुटले की बटनवरनं, म्हणजे वाटणाऱ्याच्या सीटवरनं, १,३०० ची रेझ मारा, यालाच ब्लाइंडची चोरी म्हणतात. समोर १,५०० पडलेलेच आहेत. शंभरात सत्तेचाळीस वेळा सगळे फोल्ड झाले तरी तोटा नाही, फ्लॉप, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते, बघून जिंकलेलं वेगळंच.

निपाणीकर_किलवर
कागदावर बरोबर आहे. खरं तू कुठल्या टेबलावर बसतोस ते सांग आधी. आमच्याकडं सगळे तीन पत्तीतनं आलेले, त्यांना फोल्ड हा शब्दच माहीत नाही. गेल्या महिन्यात मी बटनवरनं सत्ती-अठ्ठी घेऊन रेझ मारली, तीन जणांनी तेवढेच टाकून कॉल केला, बिग ब्लाइंडवरच्या मामांकडं राजा-तिर्री, वेगवेगळ्या रंगाचं. फ्लॉपवर राजा. मी दोनदा बेट मारली, मामा हलले नाहीत. ‘चिकटलंय म्हटल्यावर सोडायचं कशाला’ म्हणाले. अशा लोकांपुढं तुझे सत्तेचाळीस टक्के कुठनं आणायचे? त्या पोस्टवाल्यानं काही चूक सांगितलेलं नाही.

थर्डगेट_बदाम
मामांवर दोनदा ब्लफ मारलास ही तुझी चूक की चोरीची? जो सोडत नाही त्याच्यावर ब्लफ मारायचाच नाही, त्याला चांगल्या पत्त्यावर मोठी बेट लावायची. आणि मामांना भाव तरी बघ, किमान रेझ १,२०० ची असली आणि बाकीचे सुटले तरी ६०० घालून ३,३०० च्या पॉटला, म्हणजे मधल्या गल्ल्याला, खेळालेत, अठरा टक्के पुरे होतात. त्यांनी कॉल करणं बरोबरच होतं! चोरी कुणाच्या ब्लाइंडवर करायची ते बघून करायची, पत्ते बघून नंतर.

खानापूर_लोंढा
दोघंही अर्धं अर्धं बोलालाय. आमच्याकडं मधल्या टप्प्यात खरा पैसा लिंपरांमध्ये असतोय. तीन जण नुसते ६०० टाकून आत आले की ब्लाइंड आणि अँटी धरून ३,३०० पडलेले. माझ्याकडं ९,००० आणि हातात एक्का-गुलाम, मी सरळ सगळं ढकलतो. तिघांकडंही चांगलं असतं तर त्यांनी आधीच रेझ केली असती, नाही का? सगळे सुटले तर फ्लॉप न बघता स्टॅक, म्हणजे आपल्यापुढचा ढीग, तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वाढला. ६०० ला सगळे येतात हो, ९,००० ला मामा पण विचार करतात.

वडगाव_माग
मी पत्ते खेळत नाही, तरी लिहालोय. पाचशेचा खेळ, कौशल्याचा खेळ असं म्हणत म्हणत आमच्या धाकट्यानं मोबाईलवर रात्र-रात्र बसून घरातले दोन माग विकायची पाळी आणली. तो पण असेच टक्के सांगायचा. आई अजून त्याच्याशी धड बोलत नाही. तुम्ही इथं हिशोब शिकवता, पोरं वाचतात आणि पुढं कुठं जातात ते तुम्हाला दिसत नाही.

कॅम्प_इस्पिक
दादा वाईट वाटलं, खरंच. खरं मोबाईलवरचं ते आता बंद झालंय. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला, त्यात पैसे लावून ऑनलाइन खेळ म्हणजे कौशल्य असो की नशीब, सरसकट बंदी. आम्ही बोलालोय ते घरातल्या टेबलावरचं, पाचशे दिले की वर एक रुपया लागत नाही, हरल्यावर परत पैसे भरून बसणं, रीबाय, पण नाही.

वडगाव_माग
घरातलं म्हणजे पवित्र झालं होय? २०२१ मध्ये आपल्याच कर्नाटक सरकारनं पोलीस कायदा बदलून बंदी आणली होती की.

कॅम्प_इस्पिक
आणली होती, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं ती कलमं रद्द केली. १९६३ च्या पोलीस कायद्यात कौशल्याच्या खेळाला पहिल्यापासून सूट आहे. पोकर त्यात बसतो की नाही यावर मात्र सगळ्या कोर्टांचं एकमत नाही, गुजरात हायकोर्टानं २०१७ मध्ये जुगारच म्हटलंय.

निपाणीकर_किलवर
म्हणून मी म्हणतो शिनोळीला जाऊन खेळू. अर्ध्या तासात महाराष्ट्र.

कॅम्प_इस्पिक
तिथं काय वेगळं आहे? मुंबईचा १८८७ चा जुगार कायदा आहे, त्यातही तीच कौशल्याची सूट. १९५६ पर्यंत बेळगावही मुंबई राज्यातच होतं. हद्द ओलांडली म्हणून पत्ते बदलत नाहीत आणि कायदाही फारसा बदलत नाही.

निपाणीकर_किलवर
हद्दीचं तू मला शिकवू नकोस. आमचं घर निपाणीत, शेत कागलच्या बाजूला, सात-बारा एकीकडं आणि रेशनकार्ड दुसरीकडं, दोन्ही ऑफिसात आमचा कागद परकाच. आजोबांपासून हे चाललंय. कायदा बदलत नाही म्हणे!

थर्डगेट_बदाम
अरे मर्दांनो, धागा मधल्या टप्प्याचा आहे! सात-बारा कुठनं आला? वडगावच्या दादांचं म्हणणं मी मनावर घेतलंय. आमच्या टेबलावर कॉलेजच्या पोराला बसवत नाही आणि उधारीवर कुणालाच नाही. पुढचं स्टॅकवर बोला.

निपाणीकर_किलवर
बोलतो की. मी गेल्या वर्षी गप्प बसूनच तीनदा पैशात आलो. तू किती वेळा आलास?

थर्डगेट_बदाम
दोनदा. एकदा पहिला. तीस जण, १५,००० चा पॉट, ७,०००, ४,०००, २,५००, १,५०० अशी वाटणी. तू तिन्ही वेळा चौथा, म्हणजे ४,५००. माझे एका रात्रीचे ७,०००. पाच ब्लाइंड घेऊन चौथा आलेला माणूस वर जाऊच शकत नाही, हेच मी सकाळपासून सांगालोय.

खानापूर_लोंढा
इथं मात्र मी निपाणीच्या बाजूनं. पाच जण उरलेत, चौघांना पैसे, दोघांकडं दोन-तीन ब्लाइंड आहेत, अशा वेळी मधल्या स्टॅकनं मोठ्या स्टॅकला ऑल-इननं भिडणं हा शुद्ध वेडेपणा. मी स्वतः तसा गेलोय, दश्शीची जोडी घेऊन लीडरच्या रेझवर ढकललं, त्याच्याकडं एक्का-राणी, शेवटच्या पत्त्यावर, रिव्हरवर, राणी, आणि दोन ब्लाइंडवाला माणूस माझ्यासमोर १,५०० घेऊन घरी गेला. आठवडाभर डोक्यातनं गेलं नाही. तिथं दश्शी पण टाकायची. ढकलायचंच तर जो बाहेर पडायला घाबरतोय त्याच्यावर.

थर्डगेट_बदाम
हे मान्य. पैशाच्या उंबऱ्यावर लीडरपासून लांब राहायचं, हे मी वर लिहायला पाहिजे होतं. खरं तो टप्पा पाच-सहा जणांचा. पोस्टवाला वीस जण असतानाच गप्प बसा म्हणालाय, त्याला माझा विरोध आहे आणि राहणार.

निपाणीकर_किलवर
बरं. १५ ब्लाइंडवर लिंपरांच्या डोक्यावर ढकलणं पटलं, ते खानापूरवाल्यामुळं, तुझ्यामुळं नाही. बटनवरची चोरी अजून पटलेली नाही.

थर्डगेट_बदाम
मग शनिवारपासून वहीत लिही. बटन आणि त्याच्या उजव्या सीटवरनं वीसदा रेझ मार, डावीकडं मामा नसतील तेव्हाच. दहा वेळा सगळे सुटले तर माझं खरं.

निपाणीकर_किलवर
लिहितो. वीस व्हायला दोन-तीन शनिवार लागतील. आकडे माझ्या बाजूनं निघाले तर धागा तूच वर काढायचास, आणि त्या पोस्टवाल्याला तुझ्या हातानं उत्तर लिहायचंस.